दादरचे दोन ग्रंथबाजार

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे काशी-रामेश्वराचे, निदानपक्षी महाबळेश्वर-माथेरानचे तरी असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. परंतु आम्ही आज ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहो तो पुण्याहून दादरपर्यंतचा. आणि त्यातही खरा प्रवास म्हणावा तर दादर स्टेशनाजवळच्या पुस्तकांच्या दुकानांपासून शिवाजी पार्कच्या मैदानापर्यंतचा, म्हणजे पायी फार तर वीस मिनिटांचा. एवढे अंतर ओलांडावयास आम्हास चाळीस वर्षे लागली, म्हणूनच तो लिहून ठेवण्याजोगा वाटतो.

आमच्या वडील भगिनी लग्न होऊन शिवाजी पार्कला गेल्या त्याला आता पन्नासावर वर्षे झाली. मैदानाच्या कडेने जी जुनी तीन-तीन मजली घरे आहेत त्यांपैकी एकात त्यांचे एकत्र कुटुंब नांदते. या घराचा एक नियम आम्ही कितीतरी वर्षे पाहात आलो. डिसेंबरचा पहिला आठवडा आला की मंडळी एक तर आमच्याकडे पुण्यास येत, नाहीतर लोणावळ्यास जात. आणि जाणे न घडलेच तर दूध, भाजी, औषधे आधी भरून ठेवून, खिडक्या लावून घरात बसत. "फार गर्दी असते रे, आणि धूळ!" एवढे कारण पुरेसे असे. आम्हीही ते कधी तपासून पाहिले नाही. दोन-तीन वेळा त्या दिवशी आम्ही त्याच घरात होतो, पण खाली उतरलो नाही. गर्दी कशाची असते हे ठाऊक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस निवर्तले, दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, आणि त्या जागी, चैत्यभूमीवर, दरवर्षी लाखो माणसे वंदनास येतात, हे कोणास ठाऊक नाही? ठाऊक नव्हते ते एवढेच, की ही माणसे परत जाताना बरोबर काय घेऊन जातात.

२०२४ च्या डिसेंबरात ताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, त्यामुळे घर हलणे शक्य नव्हते. सोबतीस म्हणून आम्ही गेलो. सहा तारखेस सकाळी भाच्याची कन्या, जी महाविद्यालयात शिकते, आमच्याजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, खाली पुस्तकं आहेत. खूप आहेत. येता का?" पुस्तके म्हटल्यावर आम्हास नाही म्हणणे कठीण. ताईंनी एकदा आमच्याकडे व एकदा बंद खिडकीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "टोपी घालून जा, ऊन आहे."

दादरचा पुस्तकांचा बाजार आम्हास अपरिचित होता असे नव्हे. स्टेशनाच्या पश्चिमेस आयडियलचे दुकान आणि शिवाजी मंदिरात मॅजेस्टिकचे दालन, ही आमच्या तरुणपणाची तीर्थक्षेत्रे. एखादा कोश, एखादे सटीक काव्य, नवे चरित्र पाहावयाचे तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाखालोखाल आमचा भरवसा दादरवर. आमचे निम्मे शिक्षण अशा दुकानांत उभ्याने वाचून झाले आहे. तेव्हा मैदानावर आणखी काय निराळे पाहावयाचे असणार, अशा काहीशा मास्तरी गुर्मीतच आम्ही जिना उतरलो.

मैदानावर पाऊल ठेवताच ताईंची धुळीची तक्रार खोटी नव्हती एवढे कळले. तांबडी माती माणसांच्या पायांनी उठून कमरेइतकी उंच तरंगत होती, आणि तीमधून पांढऱ्या वस्त्रांतील माणसे संथपणे चालली होती. बायकांच्या डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरी. गर्दी होती, पण रेटारेटी नव्हती. चैत्यभूमीकडे जाणारी रांग एकीकडे सरकत होती आणि दुसरीकडे मांडव होते. त्या मांडवांत मूर्ती, तसबिरी, दिनदर्शिका, गाण्यांच्या तबकड्या हे तर होतेच. पण रांगांमागून रांगा होत्या त्या पुस्तकांच्या. टेबलांवर पुस्तके, टेबलांखाली गठ्ठे, आणि ज्यास टेबल परवडले नाही त्याने जमिनीवर ताडपत्री पसरून तीवर मांडलेली पुस्तके. एका टोकापासून दुसऱ्या टोकास जावयास आम्हास दीड तास लागला. साठीपुढच्या आयुष्यात इतकी पुस्तके एका जागी आणि इतके ग्राहक एका वेळी आम्ही पाहिले नव्हते. ग्राहकही कसे, तर पदराची गाठ सोडून, नाणी मोजून पुस्तक घेणारे.

मग वाटले, यात नवल ते काय? ज्या पुरुषाच्या नावे ही माणसे जमतात त्याने याच दादरच्या पूर्वेस, हिंदू कॉलनीत, राजगृह नावाचे घर बांधविले ते मुख्यतः आपल्या ग्रंथांस जागा व्हावी म्हणून. नवल करावयाचे तर आमच्या अज्ञानाचे.

मांडवांतून फिरताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येऊ लागली. पुष्कळशा पुस्तकांस दोन चरित्रे होती. एक आतील मजकुराचे, आणि दुसरे ते पुस्तक छापले कसे गेले, किंवा गेले नाही, याचे. जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' हे नाटक तेथे होते. ते त्यांनी १८५५ साली दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले आणि पुढे १९७९ साली ते प्रथम छापून आले. लेखकाच्या मृत्यूसही तेव्हा सुमारे ८९ वर्षे झाली होती. शेजारी ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना'. बुलढाण्याच्या या बाईंचे पुस्तक १८८२ साली पुण्यास छापले गेले, प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्यानंतर ते असे काही विस्मृतीत गेले की १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांसही त्याची फारशी वार्ता नव्हती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांचे अध्यक्षीय भाषण मजकूर पाहून रद्द केले, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापले. १५०० प्रती काढल्या आणि दोन महिन्यांत त्या संपल्या. अखेरच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या वेळी, १९५६ च्या सप्टेंबरात, सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात अशी विनंती त्यांनी पंतप्रधान नेहरूंस पत्राने केली. ते शक्य नाही असे उत्तर आले. ग्रंथ १९५७ साली निघाला तो त्यांच्या पश्चात. सरकारने घेण्याचे नाकारलेल्या त्या ५०० प्रती त्या दिवशी आमच्या डोळ्यांदेखत एकाच मांडवातून दुपारपर्यंत खपल्या असत्या.

आम्हास शिकविताना आणि पुढे आम्ही शिकविताना, ग्रंथ म्हणजे सरस्वतीचे देणे, ज्यास प्रतिभा असेल तो लिहील आणि चांगले असेल ते टिकेल, असा एक भाबडा सिद्धांत आम्ही उराशी बाळगला होता. परंतु लिहिलेले आणि वाचलेले यांच्यामध्ये किती दारे असतात! छापणारा हो म्हणावा लागतो, मुद्रिते तपासणाऱ्याने भाषा मान्य करावी लागते, परीक्षण लिहिणाऱ्याने दखल घ्यावी लागते, दुकानदाराने दर्शनी फळीवर ठेवावे लागते, आणि शाळेच्या ग्रंथालयाची यादी करणाऱ्या मास्तराने यादीत घालावे लागते. या पाचही दारांवर दीर्घकाळ एकाच आळीतले लोक उभे असतील, तर दार बंद केल्याचे कोणास वाटतही नाही. प्रत्येक जण म्हणतो, आम्ही कोणास अडविले? योग्य ते आले असते तर घेतलेच असते.

एका मांडवात एक तिशीचा तरुण होता. मराठवाड्यातून आलेला, प्रकाशक तोच, विक्रेता तोच, गठ्ठे वाहणाराही तोच. त्याच्याजवळ पालि व्याकरणाचे पुस्तक दिसले आणि आमच्यातला संस्कृताचा मास्तर जागा झाला. आम्ही दोन रूपे विचारली, त्याने चार सांगितली. मग मोकळेपणाने बोलू लागला. "सर, दुकानात ठेवायचं तर निम्मी किंमत त्यांचीच. पैसे सहा महिन्यांनी. आणि पुस्तक मागच्या फळीवर. त्यापेक्षा हे बरं." 'हे' म्हणजे त्यांचे वर्षाचे फिरते चक्र: चौदा एप्रिल, विजयादशमीस नागपूरची दीक्षाभूमी, सहा डिसेंबरास दादर, एक जानेवारीस कोरेगाव भीमा. जत्रेतल्या दुकानदारासारखे गठ्ठे बांधून निघावयाचे, किंमत कमी ठेवावयाची आणि हातोहात विकावयाचे. मध्ये आडत्या नाही, परीक्षक नाही, यादी नाही. ज्यांस पाच दारांतून प्रवेश नव्हता त्यांनी भिंतीवर डोके आपटण्याऐवजी उघड्या मैदानात दुसरा बाजारच उभा केला होता. जुना बाजार आणि हा बाजार यांत वीस मिनिटांचे अंतर. आणि आमच्यासारखा पुस्तकवेडा माणूस पहिल्यातून दुसऱ्यात कधी आला नव्हता.

येथे ती गोष्ट घडली. आमच्याच वयाच्या एक बाई मांडवाशी आल्या. आमचा चष्मा आणि टोपी पाहून त्यांनी आम्हास काय ते ओळखले, आणि एक पुस्तक पुढे करून म्हणाल्या, "गुर्जी, ह्याच्यावर काय लिव्हलंय तेवढं सांगा की. मागल्या साली नेलं तेच नगं."

आम्ही वाचले: 'फकिरा', अण्णा भाऊ साठे.

"हे हाय घरी. दुसरं द्या."

"घरी वाचतं कोण, बाई?"

"नात वाचती, मी ऐकती. मला अक्षर येत नाही, पर ती चुकली की कळतं मला." मग सहज म्हणाल्या, "तुम्हीच द्या की काढून एक चांगलं. तुम्ही गुर्जी."

वाचकहो, पस्तीस वर्षे आम्ही मुलांच्या हाती पुस्तके दिली. त्यांपैकी पंचवीस वर्षे शाळेच्या ग्रंथालयाची खरेदीची यादी आमच्या हस्ताक्षरात जात असे. आणि त्या टेबलावर मांडलेल्या दीडदोनशे पुस्तकांतून एका आजीस तिच्या नातीसाठी एक पुस्तक काढून द्यावयाचे, तर आम्हास देता येईना. कारण त्यांतील एकही आम्ही वाचलेले नव्हते. नावे ठाऊक होती. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीने काढले तेव्हा किती चर्चा झाली हे ऐकून होतो. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'स १९८१ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले हे सामान्यज्ञान म्हणून मुलांकडून पाठ करवून घेतले होते. पण वाचले नव्हते. 'बलुतं' तर एकदा यादीत आले असता "भाषा मुलांस योग्य नाही" म्हणून आम्हीच खोडले होते.

त्या तरुणाने आमची अडचण ओळखली असावी. त्याने न बोलता बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' बाईंच्या हाती दिले. त्या पिशवीत घालून, आम्हास नमस्कार करून निघून गेल्या. आम्हीही तेच पुस्तक घेतले.

या पुस्तकाचेही दुसरे चरित्र आहे, आणि ते अशा मासिकाच्या वाचकांनी ऐकण्याजोगे आहे. बेबीताई फलटणच्या. गल्ल्यावर बसून, सामान बांधावयास आणलेल्या रद्दीचे कागद वाचीत त्यांनी वाचनाची आवड जोपासली, आणि तेथेच घरच्यांच्या नकळत आपल्या समाजाची कथा लिहिली. लिहिलेल्या वह्या वीस वर्षे लपवून ठेविल्या. पुढे त्या उजेडात आल्या त्या 'स्त्री' मासिकातून, क्रमशः. आणि १९८६ साली पुस्तक निघाले. म्हणजे सुशिक्षित घरांच्या माजघरात जाणाऱ्या एका मासिकाने हे दार उघडले होते. आमच्या घरी 'स्त्री' येत असे. तरीही ते आम्ही वाचले नाही, हा दोष मासिकाचा खचित नव्हे.

सायंकाळी खिडकीशी बसून पुस्तक चाळताना एक जुनी गोष्ट वर आली. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

१९९१ साल, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे. शाळेच्या वार्षिकाचे संपादन आमच्याकडे होते. नववीतला एक मुलगा, नदीकाठच्या वस्तीत राहणारा, अबोल, 'माझा आवडता सण' या विषयावर निबंध घेऊन आला. त्याने चौदा एप्रिलवर लिहिले होते. वडिलांनी उसने घेऊन आणलेला सदरा, वस्तीवर लागलेली रोषणाई, रात्रभर वाजलेला ताशा, आजीने मिरवणुकीत धरलेला हात, असे काहीतरी होते. भाषा घरची. आम्ही लाल शाईने ओळीओळीवर खुणा केल्या आणि म्हणालो, "हा काही सण नव्हे. दिवाळीवर लिहून आण. आणि शुद्ध लिही."

तो चार दिवसांनी लिहून घेऊन आला. अभ्यंगस्नान, उटणे, आकाशकंदील, आईने केलेल्या चकल्या. एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही. आम्ही त्याची पाठ थोपटली आणि निबंध छापला. ते वार्षिक आजही आमच्या कपाटात आहे. त्या निबंधातील एक शब्दही त्याच्या घरातला नाही. पाठ्यपुस्तकातून आणि आमच्या चेहऱ्यावरून त्याने आमची दिवाळी उतरवून काढली, आणि आम्ही त्याखाली त्याचे नाव छापले. त्यास प्रवेश मिळाला तो स्वतःस दाराबाहेर ठेवून. मूळ कागद आम्ही टाकून दिला.

पतंजलींच्या महाभाष्याच्या आरंभी शब्द आणि अपशब्द यांचा विचार आहे. एका 'गौः' शब्दाचे अपभ्रंश म्हणून गावी, गोणी, गोता, गोपोतलिका अशी रूपे ते देतात. हा भाग आम्ही विद्यार्थिदशेत घोकला तो शुद्ध कोणते हे कळावे म्हणून. त्या सायंकाळी तो निराळाच भासला. ज्या लोकांच्या तोंडी 'गोणी' होते त्यांचा शब्द भाष्यकारांनी अशुद्ध ठरविला हे खरे; पण लिहून तरी ठेविला, म्हणून दोन हजार वर्षांनी तो आमच्यापर्यंत आला. आम्ही त्या मुलाचे तेवढेही केले नाही.

रात्री जेवताना ताईंचे यजमान म्हणाले, "अहो, आता ते दिवस गेले. पारितोषिके मिळतात, विद्यापीठात पुस्तके लागतात, मोठमोठे प्रकाशक छापतात. आणखी काय हवे?" बोलणे अगदीच खोटे नव्हते. पण उत्तर आम्हाआधी भाच्याच्या कन्येने दिले. ती म्हणाली, "आजोबा, त्यांच्याकडून आपण आत्मचरित्रच मागतो. दुःख सांगा म्हणतो. कोश करा, मुलांच्या गोष्टी लिहा, स्वयंपाकाचं पुस्तक लिहा, असं कुणी म्हणतं का?" आणि तिने स्वतःच्या पिशवीतून एक पुस्तक काढून ताटाशेजारी ठेविले: शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५ साली निघालेले. मराठवाड्यातील महार-मांग घरांत काय शिजत असे याचे ते पुस्तक. नावातील तो एक 'अ' पाहून आमच्यातल्या वैयाकरणाने मनातल्या मनात हात जोडले. जेवणापूर्वी जे आम्ही पूर्णब्रह्म म्हणून उच्चारतो, ते कितीकांच्या ताटात कधी पूर्ण झालेच नव्हते, हे त्या नञ् अव्ययाने सांगून टाकले होते.

ताईंच्या स्वयंपाकघरात कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आहे. पाने सुटलेली, हळदीचे डाग पडलेली. दुसऱ्या दिवशी ताईंनी पाय लांब करून ते नवे पुस्तक वाचावयास घेतले. आमच्या घरात कधीही न शिजणारे मांसाचे प्रकार आले तेथे त्या दोनदा थांबल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. संध्याकाळी म्हणाल्या, "रुचिरात काय करावं ते आहे. ह्यात काय मिळत होतं ते आहे." आणि ते 'रुचिरा'च्या शेजारी ठेवावयास सांगितले. आत, पुस्तकांच्या कपाटात नव्हे, तेथेच, फळीवर.

पुण्यास परतल्यावर आम्ही आमचे कपाट उघडून लेखकांची नावे एका कागदावर उतरविली. चारशेवर पुस्तके. नावे वाचून दाखविली तेव्हा घरातील मंडळी प्रथम हसली आणि मग गप्प झाली; कारण ती यादी आमच्या मुंजीच्या निमंत्रणांच्या यादीहून फारशी निराळी नव्हती. हा प्रयोग वाचकांनी आपापल्या घरी करून पाहावा. त्यास पैसा लागत नाही, तासभर वेळ लागतो. कोणावर उपकार करावयाचे म्हणून हे आम्ही सुचवीत नाही. त्या मैदानावरचा बाजार आमच्यावाचून चालला आहे आणि पुढेही चालेल. नुकसान झाले ते आमचे. शेजारच्या माणसाने काय लिहिले हे न वाचता आम्ही स्वतःस बहुश्रुत म्हणवून घेतले.

ताईंचे पत्र आले आहे. येत्या डिसेंबरात त्या पुण्यास येणार नाहीत. आम्ही तिकडे जाणार आहो, आणि मधल्या काळात वाचन चालू आहे. कारण कोणी पुन्हा पुस्तक पुढे करून "गुर्जी, एक चांगलं काढून द्या" म्हणाले, तर या खेपेस हात रिकामा राहू नये.

त्या मुलाचा पत्ता आमच्याजवळ नाही. आज तो पन्नाशीच्या आसपास असेल. त्याच्या निबंधात आजीने हात कोणत्या वळणावर धरला होता, हे आठवण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न करतो, आठवत नाही.